भीमराव ‘बरं’ म्हणतात

१२ ऑगस्ट

डॉक्टरांनी आज आडपडदा न ठेवता सांगितलं. यांचं हृदय थकलं आहे. पायांवरची सूज त्यामुळेच. औषधांनी दिवस ढकलता येतील, दुरुस्ती होणार नाही. मी ‘बरं’ म्हटलं आणि मीठ कितपत चालेल ते विचारलं. डॉक्टर जरा बघतच राहिले. त्यांना रडणाऱ्या बायकांची सवय असावी. रडल्याने सूज उतरत असती तर रडले असते.

रिक्षात हे म्हणाले, “मास्तरीणबाई, निकाल काय?”

“पथ्य.”

“म्हणजे नापास.”

“एटीकेटी,” मी म्हटलं. हे हसले. हसताना खोकला आला, तरी हसत होते. आयुष्यभर रविवार पेठेत बटणं आणि लेस विकणाऱ्या माणसाला हसायला एवढं काय सापडतं, ते मला लग्नापासून कळलेलं नाही.

घरी आल्यावर यांना बसवलं, वर्तमानपत्राची घडी घालून ठेवली. “अगं, कोडं अर्धं राहिलंय,” हे म्हणाले. वर्तमानपत्र पसरलेलं दिसलं की माझे हात थांबत नाहीत. घरात आमची बोली दखनी उर्दू. पण लिहायला बसलं की मराठीच येते. बिबवेवाडीच्या शाळेत ती तीस वर्षं शिकवली.

१४ ऑगस्ट

संध्याकाळी एजाजची मालिका पाहिली, म्हणजे यांच्यासाठी लावली. आमचा मुलगा एजाज हिंजवडीतली चांगली नोकरी सोडून गेल्या वर्षी नट झाला. आता हडपसरच्या पुढे एका बंद गोदामात त्यांचा सेट आहे आणि हा त्या विनोदी मालिकेचा नायक आहे. भीमराव सातभाई, एका सोसायटीचा अध्यक्ष. मुलगा सदतीस वर्षांचा, भूमिका पासष्टीची. केसांना पावडर लावली की म्हातारपण येतं असा मालिकावाल्यांचा समज दिसतो.

मी आंतरशालेय नाट्यस्पर्धांना परीक्षक म्हणून बसलेली बाई आहे. घरचा-बाहेरचा न बघता लिहिते: त्याला अभिनय येत नाही. विनोद तर नाहीच नाही.

आजचाच भाग घ्या. सोसायटीची पाण्याची टाकी फुटते. बायका किंचाळतात, तळमजल्यावर पूर येतो. भीमराव म्हणतात, “बरं. बादल्या कोणाकोणाकडे आहेत?” झालं. लोकांचा हशा. तो हशा नंतर भरतात, एजाजनेच सांगितलं होतं. यांचा मात्र भरलेला नव्हता. हे उशीवर डोकं टाकून हसत होते, डोळ्यांना पाणी.

संकट आल्यावर कोणता माणूस ‘बरं’ म्हणतो? माणूस हादरतो, चिडतो, निदान खाली बसतो. हा निरीक्षणाचा अभाव आहे. शाळेच्या नाटकात मी एजाजला पडदा ओढायला ठेवलं होतं, कारण उच्चार स्वच्छ नव्हते. चार वर्षं तो विंगेत उभा राहून सगळ्यांकडे बघत असायचा. बघून काही शिकला असेल असं वाटलं होतं.

२५ ऑगस्ट

रविवार, म्हणून एजाज आला. येताना यांच्यासाठी सीताफळं घेऊन आला, जी यांना चालत नाहीत. सांगितलं तसं.

मी कणीक मळत होते. त्याने ओट्याशी उभं राहून विचारलं, “अम्मी, कालचा भाग बघितलास?”

“बघितला. तो चष्मा मनगटाने वर ढकलायचा चाळा सोड. दर दोन वाक्यांनी करतोस. कृत्रिम दिसतं.”

“दिग्दर्शकाला आवडतो तो.”

“दिग्दर्शकाच्या घरी चष्मा नसेल.”

तेवढ्यात माझाच चष्मा घसरला. हाताला कणीक होती, म्हणून मनगटाने वर ढकलला. एजाजने तोंडावर हात घेतला. आतून यांचा खोकला आणि हसणं एकत्र ऐकू आलं. दाराकडे पाठ करून पलंगावर थरथरत होते. आजारी माणसाला इतकं हसवू नये. दोघांनाही ओरडले, तर आणखी हसले. या घरात एकदा मूर्खपणा सुरू झाला की तो पाहुण्यासारखा जेवूनच जातो.

५ सप्टेंबर

खालच्या मजल्यावरच्या गोदाबाई चटणी घेऊन आल्या. सात्त्विक बाई, पण बडबड फार. “एजाजचं सगळी बिल्डिंग बघते हो. काय तंतोतंत करतो! कुलूप लावून खाली जातो, परत वर येतो, परत ओढतो… आमचे हे म्हणाले, अगदी आपल्या…” आणि एकदम थांबल्या. “आपल्या काय?” मी विचारलं. त्या म्हणाल्या, “आपल्या बिल्डिंगसारखंच वाटतं.”

विषय बदलायचा इतका वाईट प्रयत्न मी सातवीच्या मुलांकडूनही पाहिला नाही. बहुधा त्यांनाही मालिका आवडत नसावी आणि तोंडावर सांगवत नसावं. मी त्यांना म्हटलं, स्पष्ट बोलत चला, त्याने कोणाचं नुकसान होत नाही.

त्यांना पोचवायला जिन्यापर्यंत गेले, तिथून पुढे वाण्याकडे. अर्ध्या जिन्यातून परत येऊन कुलूप ओढून पाहिलं. नीट होतं.

१५ सप्टेंबर

यांना आता उशा रचून बसावं लागतं. पडलं की श्वास अडतो.

दुपारी पाय चेपत होते तेव्हा म्हणाले, “नसीम.” हे मला नावाने हाक मारतात ते फक्त काही मागायचं असलं की.

“एजाजला एकदा म्हण, चांगलं करतोस.”

“चांगलं केलं की म्हणेन.”

“मग खोटंच म्हण.”

“अहो, तुम्ही काय बोलता आहात?”

“त्याच्या जुन्या कंपनीने परत बोलावलंय त्याला. तो गोंधळलाय. जग म्हणतंय चांगलं आहे, पण त्याला कोणाचं ऐकायचंय ते तुला ठाऊक आहे. माझं तो धरत नाही. मी काय, भिंतीवरच्या पालीलाही हसतो.”

मी म्हटलं, “या घरात माझ्या शब्दाला किंमत आहे ती एवढ्यासाठी, की तो खरा असतो. एकदा खोटं बोलले तर पुढे खरं बोलले तरी कोण ऐकेल?”

यांच्या ओठांच्या कडा हलायला लागल्या. “हे भीमराव म्हणाला असता,” म्हणाले, आणि श्वास लागेपर्यंत हसले.

यात हसण्यासारखं काय होतं? मी गंभीरपणे बोलले होते.

२२ सप्टेंबर

एजाज येऊन गेला. निघताना त्याला सोडायला दारापर्यंत गेले, तर पायरीवर थांबला. जोडे घातले होते तरी नाडीशी खेळत होता. लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवायचं असलं की असाच करायचा.

“अम्मी, एक विचारू? नट म्हणून सांग, मुलगा म्हणून नको. मला येतं का?”

यांचं बोलणं आठवलं. आत हे ऐकत असणार हेही ठाऊक होतं. पण पोरगा खरं विचारत होता. खरं विचारणाऱ्याला खोटं देणं म्हणजे त्याचा अपमान आहे, असं मला वाटतं.

“मला विचारशील तर नाही,” मी म्हटलं. “मेहनत दिसते. माणूस दिसत नाही. असा माणूस नसतो कुठे.”

त्याने नाडीवरचा हात काढला. मग म्हणाला, “बरं.” आणि पुढे, “अब्बांच्या गोळ्या संपत आल्यात का? येताना घेऊन येईन.”

आत आले तर हे भिंतीकडे वळले होते. मला वाटलं झोपले. उशी नीट केली तेव्हा म्हणाले, “नापास केलंस.”

“त्याने विचारलं.”

“हो. त्याने विचारलं.” एवढंच. संध्याकाळी मालिका लावू का म्हटलं तर म्हणाले, आज राहू दे.

६ ऑक्टोबर

सकाळी हे गेले.

चहा घेऊन गेले तेव्हा खुर्चीत बसलेले होते, मान कलती. समोर वर्तमानपत्र. गोदाबाईंच्या मुलाने डॉक्टर आणले. डॉक्टर म्हणाले, “आई, ते नाहीत आता.” मी ‘बरं’ म्हटलं आणि गीझर बंद केला.

एजाज आला. नातेवाईक आले. पुरुषांनी सगळं केलं. दुपारनंतर जनाजा निघाला. आम्ही बायका घरात.

१० ऑक्टोबर

एक गोष्ट लिहून ठेवते. त्या दिवशी यांना नेल्यावर बायका बाहेरच्या खोलीत कुराण पढत होत्या. मी आत गेले. खुर्चीवर वर्तमानपत्र पसरलेलं होतं. सवयीने उचललं, चौघडी केली, तळव्याने कड दाबली. मग आठवलं, कोडं अर्धं राहिलं आहे. घडी पुन्हा उलगडली. होतं तसं पान वर केलं, पेन्सिल होती तिथे ठेवली आणि उभी राहिले. शाळेत बाकावर उभं करतात तशी. किती वेळ, ते माहीत नाही.

खोलीत कोणी नव्हतं. दार उघडं होतं.

वर्तमानपत्र अजून तसंच आहे. त्या खुर्चीवर कोणाला बसू देत नाही. लोकांना वाटतं दुःखामुळे. कोडं चुरगळेल म्हणून.

१७ नोव्हेंबर

यांचा चाळिसावा झाला. मी इद्दतीत आहे. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईने घराबाहेर पडायचं नाही. काही शिकलेल्या बायका हल्ली पाळत नाहीत. मी पाळते. कोणी सांगितलं म्हणून नाही. बाहेर जाऊन करायचं काय? वाण्याला सांगायचं की आता अळणी काही नको?

एजाजने आज सांगितलं, एक डिसेंबरपासून हिंजवडी. मालिकेचं त्याचं शेवटचं चित्रीकरण परवा झालं. ते भाग डिसेंबरभर दाखवतील, पुढे दुसरा नट भीमराव करणार. सोसायटीची निवडणूक झाली की अध्यक्ष बदलतो तसं.

“विचार करून केलंस ना?” मी विचारलं.

“तू बरोबर होतीस, अम्मी. आणि ज्यांच्यासाठी करत होतो ते आता बघणार नाहीत.”

मी म्हटलं, कंपनीची बस आपल्या बिबवेवाडीपर्यंत येते का ते विचार. तो म्हणाला, विचारलंय.

शहाणा निर्णय आहे. असं लिहिलं आणि वाचून पाहिलं. शहाणाच आहे.

४ डिसेंबर

संध्याकाळी घर फार मोठं होतं, दोन खोल्यांचं असूनही. आज टीव्ही लावला. मोठ्या नणंद आल्या होत्या. दारातच म्हणाल्या, “भाभी, इद्दतमें टीव्ही?”

“माझा मुलगा आहे त्यात. त्याला घरात यायला मनाई नाही.”

त्या बसल्या. थोड्या वेळाने त्याही हसायला लागल्या. भीमरावांनी लग्नाच्या वऱ्हाडाला रांगेत उभं करून चपला एका ओळीत ठेवायला लावल्या होत्या. नणंद माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मिसबाच्या निकाहात आठवतं?” मिसबा त्यांची मुलगी. काय आठवायचं? तिच्या निकाहात चपलांचा ढीग लागला होता, तो मी लावून घेतला होता. कोणीतरी लावायला हवाच होता.

१८ डिसेंबर

आजच्या भागात भीमरावांचा जुना वैरी तात्या वारतो. दोघे रोज सोसायटीच्या ऑफिसात बसून भांडायचे. तात्या वर्तमानपत्र पसरायचा, भीमराव त्याला टाकून बोलायचे. आज रखवालदार येऊन सांगतो, “साहेब, तात्या गेले.”

भीमराव म्हणतात, “बरं. ऑफिसचा पंखा चालू आहे. बंद करा.”

हशा आला नाही. पहिल्यांदाच भरला नव्हता.

रखवालदार जातो. भीमराव टेबलावरचं वर्तमानपत्र उचलतात. चौघडी करतात. तळव्याने कड दाबतात. थांबतात. मग घडी उलगडतात, होतं तसं पान वर करतात, पेन्सिल जिथे होती तिथे ठेवतात. आणि उभे राहतात. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नाही. चष्मा घसरतो. मनगटाने वर ढकलतात.

ती मी होते. पडद्यावर पांढऱ्या केसांचा पुरुष होता, अंगात सदरा होता, आणि ती मी होते. बादल्या विचारणारी, कुलूप ओढणारी, चपला लावणारी. सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं. गोदाबाईंना होतं. नणंदेला होतं. यांना तर पहिल्या भागापासून.

ऑगस्टपासून हे उशीला टेकून, डोळ्यांत पाणी येईतो हसत होते, ते मला हसत होते. आणि मला वाटत होतं, त्यांच्या शेवटच्या दिवसांत मी त्यांना फक्त अळणी जेवण दिलं.

परीक्षक म्हणून लिहिते. यात हुबेहूब नक्कल नव्हती. नक्कल हात दाखवते. त्याने हातांच्या आतली बाई दाखवली, जी मी स्वतः कोणाला दाखवली नव्हती. मी पाहिलेल्या नटांत इतकं करणारा दुसरा नाही. विनोदी आहे का? फार. मला हसू आलं नाही एवढंच.

त्याला फोन लावला. लागला नाही. ऑफिसात असणार. असं फोनवर सांगायचंही नाही. रविवारी येईल.

२२ डिसेंबर

एजाज आला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अजून तसंच. म्हणाला, सुट्टीच्या दिवशीही बोलावलं होतं. जेवायला वाढलं. खाऊ दिलं. मग म्हटलं, “बुधवारचा भाग पाहिला.”

“तात्याचा? चॅनलवाले चिडलेत. विनोदी मालिकेत एवढं गप्प राहायचं नसतं म्हणे.”

“त्या दिवशी तू दारात होतास. मला वाटलं कोणी नव्हतं.”

“कुठल्या दिवशी?”

“अब्बांना नेलं त्या दिवशी. मी वर्तमानपत्र…”

त्याने घास खाली ठेवला. “अम्मी, मी तर कब्रस्तानात होतो. कुठलं वर्तमानपत्र?”

मी त्याच्याकडे बघितलं. तो खोटं बोलत नव्हता. जनाज्याला खांदा देऊन तो गेला होता, ते मीच खिडकीतून पाहिलं होतं.

“मग पडद्यावर ते कोणी सांगितलं करायला?”

“कोणी नाही. लेखकाने एवढंच लिहिलं होतं, बातमी ऐकून खुर्चीत बसतो. मला वाटलं, भीमराव बसणार नाही. काय करेल ते बघायला उभा राहिलो, तर हात आपोआप पेपरकडे गेले. एका टेकमध्ये झालं.” मग हसला. “वाईट झालंय का फार?”

मी ताठ बसले. निकाल सांगताना बसते तशी.

“एजाज, तुला अभिनय येतो. मी चुकले होते. इतकं चांगलं काम मी पाहिलेलं नाही. आणि लोक हसतात ते बरोबर हसतात.”

तो उठला, खरकट्या हातानेच माझ्याजवळ येऊन खाली बसला आणि कपाळ माझ्या गुडघ्याला टेकवलं. लहानपणानंतर पहिल्यांदा.

“अब्बा म्हणाले होते मला,” तो म्हणाला. “शेवटच्या आठवड्यात. ‘मी तुझ्या आईला सांगून ठेवलंय, ती एक दिवस तुला म्हणेल चांगलं करतोस. वाट बघ.’”

“त्यांनी सांगितलं म्हणून नाही. मी खरं बोलते आहे.”

“हो, अम्मी.”

“मी खोटं बोलत नाही, तुला ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे ना. आयुष्यात एकदा बोललीस, तेही आमच्या दोघांसाठी. मला पुरे आहे तेवढं.” त्याचा आवाज समाधानी होता.

तरी म्हटलं. “परत जा. त्यांना सांग, भीमराव मीच करतो.”

“नवा नट सोमवारपासून येतोय. करार झालाय माझा इकडे.” त्याने डोळे पुसले. “आणि तू एवढं बोललीस ना, आता काही रुखरुख नाही. शांतपणे नोकरी करेन.”

जाताना दारात थांबला. म्हणाला, “गॅस बंद केलास ना?”

“केला.”

“बरं.”

मुलांचे निकाल लावून आयुष्य गेलं. पुनर्तपासणी मागायचा हक्क विद्यार्थ्याला असतो. त्याने मागितली नाही, तो तर पेपर टाकून समाधानाने घरी गेला. परीक्षकाने काय करायचं, ते कुठल्या नियमात लिहिलेलं नाही.

जिन्यातले त्याचे पाय वाजायचे थांबले, तशी कुलूप ओढून पाहायला उठले. दाराला हात लावल्यावर लक्षात आलं, मी आतच आहे.